सतरा नंबरच्या पट्ट्यातली बोट

रविवार, २२ फेब्रुवारी. सकाळी दहा वाजून पन्नास मिनिटांनी सोनवड जलाशयात सात जणांना घेऊन निघालेली मोटारबोट किनाऱ्यापासून दीडशे मीटरवर गाळात रुतली. कोणीही जखमी झाले नाही. बोट रुतली तिथे पाणी दोन फूट होते. पाण्याखालचा गाळ किती खोल आहे, हे बोटीतल्या कोणालाही माहीत नव्हते. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या दोन बायकांना माहीत होते. पण त्यांना कोणी विचारले नव्हते.

बोटीत गोदाखोरे विहार परिषदेची पाच जणांची पाहणी समिती होती, सोनवड जलपर्यटन मंचाचे अध्यक्ष दिनेश बोरस्ते होते आणि समुद्रकिनारी बारा दिवसांचे प्रशिक्षण घेऊन आलेला चालक होता. समिती सोनवडला ‘बारमाही विहारस्थळ’ हा दर्जा द्यायचा की नाही, हे ठरवायला आली होती.

नाशिकहून वणीच्या रस्त्याने चाळीसेक किलोमीटर गेले आणि डावीकडे वळले, की सोनवड लागते. वस्ती सहा हजारांच्या आत. एक धरण, एक बाजारपेठ, दोन शाळा. गेल्या चार वर्षांत त्यात स्वागतकमान, सहा तंबू, बदकाच्या आकाराच्या चार पायडल बोटी आणि गावावर प्रेम असल्याचे इंग्रजीत जाहीर करणारी मोठी लाल अक्षरे यांची भर पडली. दोन झाडांमध्ये नव्वद फुटांची तार बांधून त्यावरून माणसे घसरत नेण्याची सोयही झाली. दिवाळीपासून त्या तारेवर कोणी गेलेले नाही. पट्टे बांधायला शिकलेला एकमेव तरुण सिन्नरच्या कारखान्यात लागला आणि जाताना पट्टे ठेवलेल्या कपाटाची चावी खिशातून घेऊन गेला. चावी मागवण्याइतके कोणालाही त्या तारेचे अगत्य वाटले नाही.

परिषदेची अट एकच होती. वर्षाच्या बाराही महिन्यांत पाहुण्यांना मोकळ्या हवेत करमणूक मिळाली पाहिजे आणि समितीला ती दिसली पाहिजे. दिनेश बोरस्ते यांनी या अटीचा सरळ अर्थ लावला. समिती एका दिवसासाठी येणार, म्हणजे बारा महिने एका दिवसात दाखवायला हवेत. त्यांनी तसा कार्यक्रम छापून घेतला. नऊ वाजता पावसाळा, नऊ चाळीसला काजवे, सव्वादहाला हिवाळा, पावणेअकराला जलविहार, एक वाजता भोजन.

पावसाळ्यासाठी पाण्याचा टँकर डोंगराच्या मागच्या बाजूने चढवला होता. पूर्वेच्या वस्तीत त्या दिवशी टँकरची पाळी होती. ती बुधवारवर गेली. दोन पाइपांतून धबधबा अकरा मिनिटे चालला. समितीतले एक सदस्य त्याखाली छत्री घेऊन उभे राहिले आणि फार प्रसन्न वाटते असे म्हणाले. काजव्यांसाठी एका बाभळीला बारीक दिव्यांच्या माळा गुंडाळून वरून ताडपत्री टाकली होती, कारण दिवसा अंधार मिळत नाही. समिती आत गेली आणि घामाने निथळत बाहेर आली. सव्वादहाला एकतीस अंश तापमानात शेकोटी पेटवण्यात आली. फोटो काढणाऱ्याने सांगितले म्हणून पाचही जणांनी हात पुढे करून शेकले.

समितीचे प्रमुख सावळीराम दातीर सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. वय एकाहत्तर, पांढरा शर्ट, पांढरी पँट. प्रत्येक ठिकाणी ते हातातल्या तक्त्यात गुण भरत होते. शेकोटीला त्यांनी दहापैकी आठ दिले.

जलविहारासाठी मात्र खरे पाणी लागणार होते आणि तिथेच सोनवडची अडचण होती. इतर वर्षी जानेवारीअखेर कालव्याला पाणी सुटते आणि जलाशय मागे सरकतो. मग धक्का कोरडा पडतो. बोटी चिखलात बसतात. म्हणून यंदा मंचाने धरणाच्या कार्यालयाला विनंती केली आणि कालव्याचे पाणी तीन आठवडे थांबवण्यात आले. लेखी आदेश निघाला नाही. पाणी मात्र थांबले.

पाणी मागे सरकले की जी जमीन उघडी पडते ती सोनवडमध्ये दरवर्षी पेरली जाते. तिला गाळपेर म्हणतात. धरणात ज्यांचे काही ना काही गेले अशा तेवीस भूमिहीन कुटुंबांना कार्यालयाने तिचे तेवीस पट्टे दिलेले आहेत. ओल्या गाळात काकडी, टरबूज, डांगर होते. खत लागत नाही, पाणी तर मुळीच नाही. पट्ट्यांवरून भांडणे होऊ नयेत म्हणून एक रीत आहे. जमीन पाण्याखाली असतानाच ही माणसे टायरच्या ट्यूबवर बसून आत जातात, किनाऱ्यावरच्या खुणा डोळ्यांनी जुळवतात आणि आपापल्या पट्ट्याच्या हद्दीवर बांबू रोवतात. बांबूच्या टोकाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधतात. पाणी उतरेपर्यंत हे बांबू दोन ओळींत पाण्यातून वर डोकावत असतात.

सतरा नंबरचा पट्टा विमलाबाई पगारे यांचा. वय छप्पन्न. बौद्धवाड्यात घर, एक मुलगा नाशिकला, तो स्वतःपुरते कमावतो. विमलाबाईंचा पट्टा बावीस वर्षे त्यांच्याकडे आहे आणि तोच त्यांच्या उपजीविकेचा सगळा आधार आहे. त्याला एक नियम लागू आहे: लागोपाठ दोन हंगाम पेर झाली नाही तर पट्टा काढून घेतला जातो आणि प्रतीक्षायादीतल्या पहिल्या माणसाला मिळतो. पेर झाली की नाही, हे अठ्ठावीस फेब्रुवारीला पाहतात. मागच्या वर्षी बाई पायरीवरून पडून मनगट मोडून घरात बसल्या होत्या, त्यामुळे पेर झाली नव्हती. यंदा पट्ट्यावर पाणी होते. बाकीच्या बावीस जणांना एक हंगाम बुडाला तरी चालणार होते. त्यांना चालणार नव्हते.

दहा दिवस आधी त्या दिनेश बोरस्ते यांच्या तंबूंवर गेल्या होत्या. त्यांनी कागदी कपात चहा दिला. अजून दहा दिवस थांबा मावशी, पाहुणे गेले की पाणी सोडू, असे ते म्हणाले.

“पाणी तुझ्या बापाचं हाय का?” विमलाबाईंनी विचारले.

“सध्या तरी आहे,” दिनेश हसून म्हणाले. ते विनोद करत नव्हते.

धरणाच्या कार्यालयात कालवा निरीक्षक रवी आहेर भेटले. त्यांनी नियम वाचून दाखवला. नियमात पेर झाली किंवा झाली नाही एवढेच लिहायची जागा आहे, का झाली नाही हे लिहायची नाही, असे त्यांनी समजावले. मग पाणी दिसतंय ते कुठे लिहायचे, असे बाईंनी विचारले. आहेर म्हणाले, पाण्याची वही वेगळी असते.

गावातून कोणी त्यांच्यासाठी बोलले नाही. जलपर्यटन आले की धक्क्यावर भजी, मके आणि चहाचे गाळे मिळणार होते, आणि गाळ्यांची यादी बोरस्ते करणार होते. गाळपेरवाल्या तेवीस कुटुंबांपैकी चौदा जणांनी गाळ्यासाठी नावे दिली. त्यांत अठरा नंबरची छाया होती. छायाचा पट्टा विमलाबाईंच्या शेजारचा. दोघी वीस वर्षे बांधाला बांध लावून काकडी काढत आल्या आहेत आणि तेवढीच वर्षे भांडत आल्या आहेत. गाळपेरीच्या प्रतीक्षायादीत पहिले नाव छायाच्या दिराचे आहे. हे सगळ्या गावाला ठाऊक होते. विमलाबाईही ते विसरू देत नव्हत्या.

रविवारी या सगळ्या बायकांना पाहुण्यांच्या स्वागतासाठी धक्क्यावर उभे केले होते. नऊवारी नेसून यायला सांगितले होते. विमलाबाई रोजच्या पातळात आल्या. मच्छीमारांचे थर्माकोलचे तराफे वाईट दिसतात म्हणून आदल्या दिवशी उचलून ग्रामपंचायतीच्या सभागृहात कोंडले होते. किल्ली ग्रामसेवकांकडे होती आणि ग्रामसेवक सुट्टीसाठी नाशिकला गेले होते.

दातीर धक्क्यावर आले, त्यांनी चष्मा पुसला आणि पाण्याकडे पाहिले. पाण्यातून वर आलेल्या बांबूंच्या दोन ओळी आणि त्यांच्या टोकाला फडफडणाऱ्या चिंध्या पाहून ते थांबले. हे काय आहे, असे त्यांनी विचारले.

बांबू काय आहेत ते दिनेश बोरस्ते यांना चांगले माहीत होते. त्यांचे आजोळ सोनवडचेच. लहानपणी त्यांनी त्या पट्ट्यांतली टरबुजे चोरली होती.

“मार्ग आखलाय साहेब,” ते म्हणाले. “बोटींसाठी.”

दातीर यांना हे फार आवडले. सोबतच्या सदस्यांकडे वळून त्यांनी पाच मिनिटे सांगितले, की परदेशातल्या तलावांवर असेच असते, मार्ग आखून देणे ही सुरक्षेची पहिली पायरी आहे, आणि ग्रामीण भागात ही जाण येणे म्हणजे मोठी गोष्ट आहे. सुरक्षेच्या रकान्यात त्यांनी दहापैकी दहा दिले. समितीत तेजल नावाची एक तरुणी होती. फिरण्याची ठिकाणे मोबाइलवर दाखवणे हा तिचा व्यवसाय. तिने चिंध्यांचे जवळून चित्रण केले.

विमलाबाई चार पावलांवर होत्या. त्या छायाला म्हणाल्या, “ऐकलं का गं, आपण मार्ग आखलाय.”

“तुझा मार्ग दरसाल वीतभर माझ्याकडं सरकतो, आक्का,” छाया म्हणाली. दोघी हसल्या. मार्गात काय आहे ते दोघींपैकी कोणीही सांगितले नाही. बोटीत बसणाऱ्यांनी त्या दिवशी सकाळपासून त्यांच्याशी एकदाच संवाद साधला होता, तो म्हणजे जरा बाजूला व्हा असे सांगायला.

चालक परका होता. अध्यक्षांनी मार्ग म्हटले, साहेबांनी मार्ग म्हटले. त्याने बोट दोन ओळींच्या बरोबर मधून घातली. दिनेश बोरस्ते पुढच्या बाकावर दातीर यांच्या शेजारी होते. बांबूंमधली जागा गाळाची आहे आणि ती धक्क्याकडून आत जाताना आधी उथळ होत जाते, हे त्यांना माहीत होते. त्यांनी एकदा चालकाला जरा डावीकडून घे, असे सांगितले. दातीर म्हणाले, नाही, मार्ग सोडू नका. दिनेश यांनी पुन्हा तोंड उघडले नाही. बांबूंबद्दलचे एक खोटे वाचवण्यासाठी त्यांनी आपल्यासकट सात माणसे गाळात नेली. बोट सतरा नंबरच्या पट्ट्यात थांबली तेव्हा ते मोबाइल पाहत होते.

चालकाने इंजिन वाढवले. पंख्याने काळा गाळ उडवला आणि तो दातीर यांच्या पाठीवर आणि मानेवर पडला. चालकाने इंजिन आणखी वाढवले. त्यानंतर ते बंद पडले ते पडलेच. समितीत साहसी खेळांचे एक प्रशिक्षक होते. दोन फूट पाणी म्हणजे काहीच नाही, असे म्हणून त्यांनी बोटीबाहेर उडी घेतली आणि ते कमरेपर्यंत आत गेले. चौघांनी त्यांना ओढून घेतले. त्यांचे बूट अजून तिथेच आहेत.

सव्वाअकराला धक्क्यावरून दोन कर्मचारी बदकाच्या बोटीत बसून पायडल मारत मदतीला निघाले. ती बोट साठ मीटरवर रुतली. आता दोन बोटी आणि नऊ माणसे झाली. तराफे आणा असे कोणीतरी म्हणाले. सभागृहाला कुलूप होते आणि सरकारी कुलूप तोडायला कोणी पुढे झाले नाही. नाशिकहून मदत बोलवावी तर वर्तमानपत्रात येईल, म्हणून दिनेश यांनी फोनवरून त्याला मनाई केली. तेजलने तोवर बोटीतून थेट प्रक्षेपण सुरू केले होते.

गाळावरून चालायची युक्ती गाळपेरवाल्यांना येते. दीड हात रुंदीच्या दोन फळ्या लागतात. एकीवर गुडघे टेकायचे, दुसरी पुढे सरकवायची, मग तिच्यावर जायचे. माणसाचे वजन पसरते आणि गाळ त्याला तोलून धरतो. पुरुष हे करत नाहीत. त्यांना गुडघ्यावर जाण्याची लाज वाटते. साडेअकराला आहेर विमलाबाईंजवळ आले. फळ्या घेऊन जा आणि माणसे बाहेर काढा, असे त्यांनी सांगितले. मावशी अशी हाकही मारली, त्या आठवड्यात पहिल्यांदाच.

“जाते,” विमलाबाई म्हणाल्या. “आधी वहीत लिहा. सतरा नंबर. पाणी होतं म्हणून पेर नाय.”

“मावशी, माणसं अडकलीत.”

“बसलीत. पंखा नाय एवढंच.”

आहेर यांनी वही कार्यालयात असल्याचे सांगितले. मग कागदावर लिहा, असे त्या म्हणाल्या. कागदाला शिक्क्याशिवाय किंमत नसते, असे आहेर म्हणाले. त्यांना खरी भीती वेगळीच होती: पाणी होते असे लिहिले की पाणी का होते असे कोणीतरी विचारणार, आणि आदेश तर लेखी नव्हताच. त्यांनी वरच्या साहेबांना फोन लावला. सुट्टीमुळे साहेबांनी तो उचलला नाही. आहेर यांनी पाच वेळा लावला. न उचलला गेलेला फोन हाच त्यांना आपला बचाव वाटला आणि ते बऱ्यापैकी शांत झाले.

बाकीच्या बायकांकडे दिनेश यांचे लोक गेले. फळ्या घरी आहेत, ऊन फार आहे, विमलाआक्काला विचारा, अशी उत्तरे मिळाली. गाळ्यांसाठी नावे दिलेल्या चौदा घरांतल्या बायकाही जागच्या हलल्या नाहीत. याला एकी म्हणणे चुकीचे ठरेल. बोरस्तेंना ताटकळताना पाहायला मिळत होते आणि त्यासाठी काही करावे लागत नव्हते, एवढेच.

बारा वाजता आहेर यांनी मोबाइलचा आवाज मोठा करून विमलाबाईंपुढे धरला. पलीकडून दातीर बोलत होते. बाईंचे म्हणणे दिनेश यांनी त्यांना समजावले होते, अर्थात बांबूंचा भाग वगळून. दातीर म्हणाले की पट्ट्यांचा विषय परिषदेच्या कक्षेत येत नाही आणि समितीने स्थानिक वादात पडणे उचित नाही.

“तर बसा,” विमलाबाई म्हणाल्या. “पाचला ऊन उतरतं.”

छायाने खाली बसून तंबाखू मळली. ती विमलाबाईंना हळू आवाजात म्हणाली की लिहून दिले तरी ही माणसे पाळणार नाहीत. विमलाबाई म्हणाल्या, तुझ्या दिराला बरंच वाटेल मग. छायाने तंबाखू गालात ठेवली.

एक वाजता भोजनाची वेळ झाली. तंबूंवर गावठी कोंबडी, नागलीची भाकरी आणि ठेचा तयार होता. वाट पाहून मंचाच्या कार्यकर्त्यांनी जेवून घेतले.

समितीचे मन वळले ते विमलाबाईंच्या बोलण्याने नाही. दातीर यांना लघवीला जायचे होते. साडेबारापासून जायचे होते. बोट उघडी, शेजारी तेजल आणि तिचा कॅमेरा, आणि किनाऱ्यावर दीडशेएक माणसे. एक वाजून पंचावन्न मिनिटांनी दिनेश यांच्या फोनवरून दातीर म्हणाले की ते लिहून देतील.

विमलाबाईंच्या फळ्या तिथेच, सतरा नंबरसमोरच्या काठावर, पाचटाखाली होत्या. त्या आणि छाया दोघी गुडघ्यांवर निघाल्या. माणसे ओढून आणायला काहीतरी रुंद हवे होते, म्हणून कपडे बदलण्याच्या नव्या खोलीचा, अजून न बसवलेला दरवाजा दोर बांधून मागे घेतला. बोटीपर्यंत जायला दहा मिनिटे लागली. विमलाबाईंनी आधी बोटीच्या कडेला काठी बुडवली, ओल्या खुणेवर नख टेकवले आणि काठी दातीर यांच्यापुढे धरली. मग त्यांनी दातीर यांना लिहायला लावले. गुणांच्या तक्त्याच्या शेवटी सूचनांसाठी चार ओळी मोकळ्या होत्या. दातीर यांनी लिहिले: ‘गाळपेर पट्टा क्र. १७ येथे आज रोजी दोन फूट पाणी असल्याचे प्रत्यक्ष पाहिले.’ खाली सही केली. इतक्या वर्षांच्या नोकरीच्या सवयीने तारीख आणि वेळही टाकली.

विमलाबाईंनी कागद मागितला. तो परिषदेचा तक्ता आहे, फाडता येत नाही, प्रत पाठवली जाईल, असे दातीर म्हणाले. ते दोन्ही गुडघे जवळ घेऊन बोलत होते. विमलाबाईंकडे साधा फोन आहे. छायाने स्वतःच्या मोबाइलमध्ये त्या पानाचा फोटो काढला.

दातीर यांना पहिल्यांदा आणले. ते दरवाज्यावर पालथे झोपले होते, कारण बसल्यावर दरवाजा कलत होता. काठाला लागताच ते कोणाशी न बोलता तंबूंकडे गेले. शेवटचा माणूस, म्हणजे बदकातला दुसरा कर्मचारी, चार वाजून दहा मिनिटांनी बाहेर आला. दिनेश बोरस्ते दरवाज्यावर पडून येताना दोन वेळा पाण्यात घसरले. दोन्ही वेळा दोर छायाच्या हातात होता.

पाहुणे साडेपाचला नाशिककडे निघाले. जाताना प्रत्येकाला सोनवडचे चित्र असलेला कप देण्यात आला.

बुधवारी परिषदेने निकाल जाहीर केला. सोनवडला ‘बारमाही’ दर्जा मिळाला. अहवालात धबधबा, काजवे आणि शेकोटी यांचे कौतुक आहे. जलमार्गाच्या आखणीचा खास उल्लेख आहे. बोट रुतल्याचा नाही. ‘नवे आकर्षण’ या मथळ्याखाली असे लिहिले आहे, की स्थानिक महिला पारंपरिक फळ्यांच्या साहाय्याने पर्यटकांना गाळावरून फिरवतात, हा अनुभव रोमांचक असून त्याचा विकास व्हावा. तेजलचे चित्रण तोवर सहा लाख लोकांनी पाहिले होते. दातीर यांनी सूचनांच्या चार ओळींत लिहिलेले वाक्य छापील अहवालात नाही. तक्ते जोडलेले नाहीत. प्रत आलेली नाही.

गुरुवारी, २६ फेब्रुवारीला, कालव्याला पाणी सोडले. जलाशय दिवसाला चार बोटे उतरू लागला. त्याच संध्याकाळी दिनेश बोरस्ते यांचा विमलाबाईंना फोन आला. झाले गेले सोडून द्या, असे ते म्हणाले. शनिवार-रविवार पाहुण्यांना फळीवरून फिरवायचे काम त्यांनी देऊ केले. दरवाजा मंच देणार होता.

“कुठल्या पट्ट्यात फिरवायचं?” विमलाबाईंनी विचारले.

“सतरामध्येच की. बोट आहेच तिथं, फोटो चांगले येतात.”

विमलाबाईंनी फोन बंद केला. शुक्रवारी त्या छायाकडे फोटो मागायला गेल्या. छायाने सांगितले की गाळाचे पाणी मोबाइलमध्ये गेले होते, तो चालू होईना, म्हणून दिराने वणीच्या दुकानात दुरुस्तीला दिला आहे. कोणत्या दुकानात, ते दिराला माहीत. दीर कामासाठी बाहेरगावी होता. ती दारातच उभी राहून बोलली आणि हात सारखे पदराला पुसत होती. विमलाबाईंनी दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली बस धरली, वणीतली मोबाइलची सगळी, म्हणजे सात दुकाने पायी पालथी घातली आणि दुपारी पाहणीआधी परत आल्या. पाच दुकानांनी असा मोबाइल आला नाही म्हणून सांगितले. दोन बंद होती.

शनिवारी, अठ्ठावीस तारखेला, दुपारी चार वाजता आहेर वही घेऊन काठावर आले. एक ते चौदा नंबरचे पट्टे उघडे पडले होते. त्यांवर लोकांनी घाईने बी टोचले होते. पंधरापासून पुढे पाणी होते. सतरा नंबरवर पोटरीपर्यंत. विमलाबाई त्या पाण्याच्या काठाशी उभ्या होत्या. भिजवून मोड आलेले काकडीचे बी त्यांनी ओल्या फडक्यात बांधून हातात धरले होते. लिहा की दिसतंय ते, असे त्या आहेर यांना म्हणाल्या.

आहेर यांनी इतर नंबरांपुढे शाईने खुणा केल्या. सतरापुढे त्यांनी पेन्सिल काढून काहीतरी लिहिले. दोन शब्द असावेत किंवा तीन. विमलाबाईंनी मान वाकवून पाहिले, तोवर वही मिटली होती.

पट्टेधारकांची सुधारित यादी सोमवारी, २ मार्चला, कार्यालयाच्या फळ्यावर लागायची होती. सोमवारी संध्याकाळी सहापर्यंत ती लागली नव्हती. आहेर तीन दिवसांच्या रजेवर असल्याचे शिपायाने सांगितले. वही साहेबांच्या टेबलावर आहे, असेही तो म्हणाला. साहेब आलेले नव्हते.